मनकवडा

कवळीवाल्याला सासरी सगळे मनकवडा म्हणत. धंद्याने तो दात बनवणारा. दातांचे डॉक्टर रुग्णांच्या जबड्यांचे ठसे त्याच्याकडे पाठवायचे आणि तो आपल्या खोलीएवढ्या कारखान्यात बसून प्लॅस्टरचे साचे ओतायचा, मेणात दात बसवायचा, घासायचा, चकाकी आणायचा. ज्याच्या तोंडात ती कवळी जायची त्याचं तोंड यानं कधी पाहिलेलं नसायचं, तरी ती चपखल बसायची. पण सासरच्यांना कौतुक होतं ते कवळ्यांचं नव्हे. बायकोला काय हवंय हे तिनं ओठ उघडायच्या आत या माणसाला कळतं, याचं.

आणि कळायचंच. ती कानाच्या दवाखान्यात लोकांची श्रवणशक्ती तपासायची. दिवसभर तिथल्या लांबलचक बोळातून ये-जा करून तिच्या टाचा दुखायला लागल्या. तिनं हूं की चूं केलं नाही, आणि थोड्याच दिवसांत मऊ तळव्याचे, रुंद चवड्याचे बूट घरात हजर. अंथरुणात वाचताना डोळ्यांना त्रास व्हायला लागला, तर पुस्तकाला चिमट्यानं अडकवायचा इवलासा दिवा. पाठीत भरलं तर शेकायची पट्टी, तीही कमरेला बांधता येईल अशी, म्हणजे काम करता करता शेकता यावं. दर वेळी बायको गालाला हात लावून त्याच्याकडे बघत राहायची. "अहो, तुम्हाला कसं कळलं?" यावर तो नुसता हसायचा. न बोलता हसणं या कलेत तो तरबेज झाला होता.

सासूबाई इतर जावयांना त्याचा दाखला द्यायच्या. इतर जावई म्हणजे एकच, थोरल्या मेहुणीचा नवरा, म्हणजे आपल्या कवळीवाल्याचा साडू. साडू शाळेत कॉम्प्युटर शिकवायचा. बिचारा लग्नाच्या वाढदिवसाआधी पंधरा दिवस बायकोला "काय हवंय, काय हवंय" म्हणून भंडावून सोडायचा, ती "काही नको" म्हणायची, आणि मग तो हमखास भलतंच काहीतरी घेऊन यायचा. एकदा एवढ्या मोठ्यानं टिकटिक करणारं घड्याळ आणलं की ते न्हाणीघरात टांगावं लागलं. "जरा शिका त्यांच्याकडून," असं मेहुणी चारचौघांत म्हणायची, आणि साडूच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. तो जळायचा हे कवळीवाल्याला दिसायचं. खोटं कशाला बोला, त्याला ते फार गोड लागायचं. भेटवस्तूचा आनंद बायकोला एकदा व्हायचा, पण साडूच्या जळण्याचा आनंद याला वर्षभर पुरायचा.

आता यातली ग्यानबाची मेख सांगून टाकतो. घरात जेवणाच्या टेबलाशेजारी एक कॉम्प्युटर होता. दोघांचा मिळून एक, खातंही एकच. सगळं जग ज्याला विचारतं त्याच शोधयंत्राला दोघं आपले प्रश्न विचारायचे. बायकोनं संध्याकाळी टाचदुखीबद्दल काही शोधलं की सकाळी हा त्याच कॉम्प्युटरवर पेपर वाचायला बसायचा तेव्हा बातम्यांच्या डाव्या-उजव्या बाजूला बूटच बूट. तिनं कोणत्या बुटांपाशी रेंगाळून पाहिलं, कोणता रंग, कोणतं माप, सगळं यंत्र इमानेइतबारे आणून समोर मांडायचं. यानं फक्त 'विकत घ्या' म्हणायचं.

चोरी केली असं त्याला कधी वाटलं नाही. तिनं काय शोधलं हे त्यानं कधी उघडून बघितलं नव्हतं. जे समोर आलं ते पाहिलं, त्यात काय पाप? पहिल्या वेळी तिला सांगणारही होता. पण तिनं गालाला हात लावून असं काही पाहिलं की शब्द ओठातच राहिले. त्यानंतर सांगायला उशीर झाला, आणि मग इतका उशीर झाला की सांगण्यासारखं काही आहे हेच तो विसरला. माणसाचं असंच असतं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढता ओढता आपणच दळण दळलं असं वाटायला लागतं.

साडू-मेहुणी एकदा जेवायला आले. पानं मांडेपर्यंत साडू कॉम्प्युटरशी बसला आणि नाक मुरडून म्हणाला, "साडूभाऊ, तुम्ही अजून या चोंबड्यालाच धरून आहात?"

"चोंबडा कोण?" बायकोनं विचारलं.

"हे तुमचं शोधयंत्र. घरात काय शिजतंय ते वासावरून ओळखणारं. थांबा, दाखवतो." त्यानं नुसतं 'पट्टी' असं लिहिलं. पडद्यावर लगेच दातांच्या रंगांच्या पट्ट्या आल्या, पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत, आणि त्यांच्या खाली कमरेला बांधायची शेकायची पट्टी. "बघा. याला ठाऊक आहे की हे दातवाल्याचं घर आहे आणि कुणाची तरी पाठ दुखते. आता हा दुसरा बघा." त्यानं दुसरं शोधयंत्र उघडलं आणि तोच शब्द लिहिला. तिथं शाळेतली मोजपट्टी आली, जखमेवर बांधायची आली, गाण्यातली आली. "हा घुम्या. विचारलं तेवढंच सांगतो आणि लगेच विसरतो. तुम्ही कोण, कुठले, काल काय विचारलंत, याला गंधवार्ता नाही. दर वेळी आपण त्याला परके."

"याला आपण कुठं राहतो तेसुद्धा माहीत नसणार," कवळीवाला जरा घाईनंच म्हणाला. "जवळचं दुकान विचारलं तर दुसऱ्या गावचं सांगेल."

"मग गावाचं नाव लिहायचं. हात झिजतात का?" साडू म्हणाला.

बायको पुढे झुकून बघत होती. "बरा आहे की हा. चौकशा करत नाही. भावोजी, हाच ठेवून द्या मला."

साडूनं तिच्यासाठी घुम्या बसवून दिला. काही कळून-सवरून केलं असेल असं नाही. त्याला फक्त आपली अक्कल दाखवायची होती, दुसरं काय होतं बिचाऱ्याकडे दाखवायला! पण कवळीवाल्याच्या हातातलं ताट हातातच राहिलं. यानं मुद्दाम केलं, त्याच्या मनानं घेतलं. जळतोय मेला.

त्यानंतर पेपरच्या बाजूला येणारं बायकोचं मन आटत गेलं. आधी काही दिवस जुने बूट, जुने दिवे दिसले. मग तेही गेले. उरलं ते ह्याचं स्वतःचं: मेणाच्या वड्या, घासायच्या यंत्राची टोकं आणि पोटातल्या वायूवरची औषधं. इतकी वर्षं बायकोच्या मनाचा आरसा समजून ज्याच्यात पाहिलं, त्यात आता स्वतःचंच तोंड दिसत होतं, आणि तेही वाताचं.

लग्नाचा वाढदिवस जवळ आला होता. सासूबाईंनी फोनवर विचारलंसुद्धा, "यंदा काय जावईबापू? आम्हाला तरी आधी सांगा." तो हसला. हसणं तेवढं हातात होतं. त्यानं बायकोवर बारीक नजर ठेवायला सुरुवात केली. ती कुठं खाजवते, कुठं दाबते, कशाकडे बघून उसासा टाकते. पण नवरा म्हणून बघायची सवयच मोडलेली. ती सगळीकडेच बघत होती, उसासाही टाकत होती. त्यावरून काय आणायचं?

आणि ती त्या घुम्यापाशी बसायला लागली होती. पूर्वी काम झालं की उठायची. आता चहाचा कप घेऊन निवांत बसायची, काहीतरी लिहायची, वाचायची, मधेच स्वतःशी हसायची. हा खोलीत आला की सावकाश पडद्यावरची खिडकी बंद करून उठायची. लपवून नव्हे, झालं म्हणून. पण ते ह्याला कोण सांगणार? ती गेल्यावर हा तिच्या खुर्चीत बसायचा. घुम्याची पाटी कोरी. एक लांबट रिकामा चौकोन, त्यात लुकलुकणारी रेघ. हा त्या चौकोनाकडे दात-ओठ खात बघत राहायचा. आपल्याला न सांगितलेलं तिनं याला सांगितलं, आणि हा हरामखोर गिळून बसलाय! यंत्राचा मत्सर करणारा माणूस कुणी पाहिला नसेल तर त्यानं त्या दिवसांत कवळीवाल्याला पाहायला हवं होतं.

यंत्राचा मत्सर फार दिवस पुरत नाही. त्याला हाडामांसाचा माणूस लागतो. तो जेवणाच्या टेबलावर आपणहून चालत आला.

"आमचे नवे डॉक्टर काय हसवतात," बायको वाढता वाढता म्हणाली.

"हो का?"

"आज एक गृहस्थ आले होते तपासायला. कानात आवाज आला की बटण दाबायचं, साधी गोष्ट. मी आवाज सोडलाच नव्हता, तरी हे आपले दाबतायत, दाबतायत. डॉक्टर म्हणाले, माणसाला ऐकायचंच असलं की शांततेतही ऐकू येतं."

ती हसली. हा हसला नाही. हे मला उद्देशून, त्यानं ताडलं. शिवाय डॉक्टर. शिवाय नवे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, संशय्याच्या मनात तर भर दुपार असते. मागच्या आठवड्यात तिला एकदा घरी यायला उशीर झाला होता तो आता आठवला. तिनं केस थोडे कापले होते, तेही आठवले. हसण्याचा तो आवाज, खिडकी बंद करणं, डॉक्टर, केस, सगळं त्यानं मेणात एकेक दात बसवावा तसं ओळीनं बसवलं, आणि कवळी अशी चपखल बसली की त्याच्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर गेल्यावर तो कॉम्प्युटरशी बसला. कुणाला तरी विचारायला हवंच होतं. साडूला विचारणं म्हणजे त्याच्या घरी आनंदीआनंद. घुम्या तर शत्रूच्या गोटातला. राहिला जुना, घरचा, विश्वासाचा चोंबडा. त्यानं लिहिलं, 'बायको काही लपवत असेल तर कसं ओळखावं.' उत्तरं धबाधबा आली. खुणा आल्या. त्यातली प्रत्येक खूण जुळत होती. केस जुळत होते. त्यानं पुढचं विचारलं, मग त्याच्या पुढचं. पाळत ठेवणारे लोक काय करतात. संसार मोडला तर घर कुणाकडे जातं. वाचता वाचता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बायको नसलेल्या घरात आपण एकटेच जेवतोय असं त्याला दिसलं, आणि समोर साडू उभा राहून विचारतोय, "काय मनकवडे?" मग तो उठला, तोंड धुतलं आणि कारखान्यात जाऊन एका अनोळखी म्हाताऱ्याचे खालचे दात घासत बसला.

इतकी वर्षं ज्या वाटेनं तिचं मन त्याच्याकडे आलं, त्याच वाटेनं त्याचं मन तिच्याकडे जाईल, एवढी साधी गोष्ट या शहाण्याच्या डोक्यात आली नाही. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात. पण इथं तर धोंडा ओळखीचा होता.

दोन दिवसांनी तो संध्याकाळी घरी आला तेव्हा बायको टेबलाशी बसली होती. चहा नव्हता, दिवा लावलेला नव्हता. डोळे रडून सुजलेले.

"तुम्हाला घटस्फोट हवाय का?" तिनं विचारलं.

त्याची दातखिळीच बसली. "काय... कोण म्हणालं?"

"सकाळी सुट्टी होती म्हणून निवांत पेपर उघडला. बातमीशेजारी वकील. खाली गेले तर पाळत ठेवणारे, 'कुणालाही कळणार नाही, हमी'. त्याच्या खाली पुन्हा वकील, आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरचे. मी असलं काही शोधलं नाही. या घरात आपण दोघंच आहोत." तिचा आवाज फाटला. "मी काय केलं हो? निदान तोंडानं सांगायचं तरी."

घाबरलेला माणूस खरं बोलत नाही आणि खोटंही धड बोलत नाही. तो मधलंच काहीतरी बोलतो. कवळीवाल्याच्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे तुलाही दिसतात?"

दुसरी कुणी असती तर ते वाक्य वाहून गेलं असतं. पण ही बाई दिवसभर हलक्यात हलका आवाज कुणाला ऐकू येतो ते तपासणारी. ती थांबली. "तुलाही म्हणजे?"

"म्हणजे... जाहिराती."

"तुम्हाला कुणाच्या दिसायच्या?"

त्यानं कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं रडू हळूहळू ओसरलं आणि त्या जागी दुसरंच काहीतरी आलं. ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

"ते बूट?" तिनं विचारलं.

"हो."

"दिवा?"

"हो."

"ती पट्टी? मी तुम्हाला काहीच बोलले नव्हते. त्या दिवशी मी किती रडले होते, आठवतं? कुणाला तरी न सांगता कळलं म्हणून."

"पैसे तर मीच..." असं तो म्हणायला लागला आणि स्वतःच थांबला. एवढी अक्कल उरली होती. "तुला आवडायचं. तुझा चेहरा बघून मला सांगवेना. आणि संशयाचं म्हणशील तर, तू त्या घुम्याशी बसून हसायचीस, खिडकी बंद करायचीस, ते डॉक्टर... मला वाटलं कुणीतरी आहे. मी जळत होतो गं. रात्रंदिवस जळत होतो."

"डॉक्टर!" ती म्हणाली. "त्यांना नातवंडं आहेत."

"मग तिथं तू काय शोधायचीस?"

"काहीबाही. मासे झोपतात का. शाळेतली माझ्या बाकावरची मुलगी आता कुठं असेल. आपण पहिल्यांदा राहिलो ती इमारत अजून उभी आहे का. काही घ्यायचं नव्हतं मला. मनात आलेलं विचारावं, आणि ते चार दिवसांनी खोक्यात बंद होऊन दारात येऊ नये, याचीच मजा वाटत होती." तिनं नाक पुसलं. "तुम्हाला सगळं कळतं असं मी धरून चालले होते हो. तुमचा राग आला तरी मनातल्या मनात चिडताना जपून चिडायचे. म्हटलं, यांना कळेल आणि वाईट वाटेल. माझ्याच डोक्यात मी चवड्यांवर चालत होते इतकी वर्षं."

"राग? कधी आला होता?"

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"संशय घेतलात त्याचं एवढं काही नाही," ती शेवटी म्हणाली. "जळलात ते तरी तुमचं स्वतःचं होतं. पण ते बूट घालून मी सगळ्या दवाखान्यात सांगत फिरले होते."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. टेबलावरच होता, नाव दोघांनाही दिसलं. ताई. सकाळी रडत रडत हिनं तिला दोनदा फोन केला होता, तिनं उचलला नव्हता. हिनं तो उचलला आणि कानाला न लावता तसाच टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. कवळीवाल्याला पुढचं दिसायला लागलं. आता सासूबाई, आता साडू, आता सगळं गाव.

"अगं, बाहेर होते, आत्ता बघितलं," ताईचा आवाज आला. "तुझं काय ते सांग, पण आधी माझं ऐक. या माणसानं पुन्हा केलं! दहा वेळा विचारलं, मी दहा वेळा काही नको म्हटलं, तर पावसाळी कोट घेऊन आला. माझ्या दुप्पट मापाचा! तंबू आहे तंबू. वर विचारतो, 'मला वाटलं तू आता एवढी असशील.' मी काय करू याचं? तुझं बरंय बाई. तुला तोंडातून शब्द काढावा लागत नाही."

मागून साडूचा पडेल आवाज आला, "बदलून आणतो म्हटलं ना!"

कवळीवाल्यानं मान खाली घातली. बायको फोनकडे बघत होती. एक शब्द पुरे होता.

"हो ना," ती म्हणाली. "माझं बरंय."

"आणि सकाळी काय झालं होतं गं?"

"काही नाही. उगाच आठवण आली म्हणून केला."

तिनं फोन बंद केला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तिनं ती आपल्या हातानं झाकून त्याच्या ओंजळीत ठेवली होती. कवळीवाल्याच्या जिवात जीव आला, आणि त्याच श्वासात तो गेला, कारण आता ही मूठ रिकामी आहे हे जाणणारं जगात आणखी एक माणूस होतं, आणि ज्याच्यासाठी ती भरलेली असायला हवी होती ते हेच.

"सांगितलं का नाहीस?" त्यानं कसंबसं विचारलं.

"काय सांगू?" ती उठली, दिवा लावला, कॉम्प्युटरपाशी गेली आणि चोंबडा, घुम्या, दोघांच्याही खिडक्या बंद केल्या. "भावोजींनी तिला डोळ्यांनी मोजलं. चुकीचं मोजलं, पण तिच्याकडे बघून मोजलं. आज पहिल्यांदा मला ताईचा हेवा वाटला."

ती आत जाऊन पानं घ्यायला लागली. कवळीवाला तिच्या पाठीकडे बघत बसला. तिच्या कोटाचं माप काय असेल, हे तो आठवून पाहत होता.